चकचकीत टाइल्सवर रंग टिकवणारा मधला थर

शेगडीमागच्या जुन्या टाइल्सवर रंगाऱ्याने थेट ऑइल पेंट मारला होता. तो पापुद्रे धरून निघायला लागला. टाइलवरची झिलई म्हणजे काचच. काही शोषत नाही, मग रंग धरणार कशाला? सुटलेला रंग खरवडला, तेलकट चिकटा सोड्याच्या गरम पाण्याने काढला, धुऊन पूर्ण वाळवलं. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासलं. बोट फिरवलं की किंचित खरखर लागलीच पाहिजे. धूळ पुसून दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचा, म्हणजे टाइल आणि रंग यांच्यामधल्या पकड देणाऱ्या थराचा, पातळ हात दिला. त्याचा दुसरा भाग, म्हणजे घट्ट करणारा हार्डनर, मिसळल्यावर प्रायमर लवकर घट्ट होतो, म्हणून थोडाथोडाच कालवा आणि खिडक्या उघड्या ठेवा. नीट वाळल्यावर नखाने ओरखडून पाहिलं, निघाला नाही. मगच वरचा रंग. सांध्यांत मात्र ब्रशच लागतो, रोलर तिथे पोचत नाही.