टीमची गृहीतकं तपासणारा प्रश्न कसा विचारावा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांच्या बैठका घेता घेता माझं एक मत पक्कं झालंय. ‘टीमला विचारायचे पन्नास प्रश्न’ छापाच्या याद्या पाठ करून काही होत नाही.

बैठकीला सहा-सात जण पुरेत. जॉबर (मागांवर देखरेख ठेवणारा), डाईंग मास्टर (रंगखात्याचा प्रमुख), डिस्पॅचचा मुलगा, आणि फोल्डिंग खात्यातली एक तरी बाई हवीच. मालकांनी यावं, पण सगळ्यात शेवटी बोलावं. हे त्यांच्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

आधी सगळ्यांना जे खरं वाटतंय ते फळ्यावर पूर्ण वाक्यात लिहा. ‘शेडचा प्रॉब्लेम’, म्हणजे रंगाच्या छटेचा, हे वाक्य नव्हे. ‘कलर पावडर खराब येतेय म्हणून शेड फिरतेय’ हे वाक्य.

आता प्रश्न. इथे मी बरीच वर्षं चुकलो.

मी ‘का?’ विचारायचो. पाच वेळा ‘का’ विचारा, मुळापर्यंत जाल, असं जिथे तिथे सांगतात. ही पद्धत टोयोटातली, आणि तिचं श्रेय ज्याला देतात तो साकिची टोयोडा मूळचा माग बनवणारा. त्याचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. मागाला ‘का थांबलास’ विचारलं तर तो रागवत नाही. माणसाला चारचौघांत ‘शेड का बिघडली?’ विचारलं की त्याला ते जबाब घेतल्यासारखं वाटतं. आमच्याकडे ग्राहकाने टॉवेल परत पाठवले तेव्हा मी हेच केलं. मास्टरांनी पावडरीवर ढकललं, जॉबरने सुतावर, आणि तासाभराने आम्ही पुरवठादार बदलायचं ठरवून उठलो. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच माल परत.

मग मी फळ्यावरच्या वाक्याकडे बोट करून विचारलं, “हे आपण कशावरून म्हणतोय?” ‘का’ माणसावर जातो, ‘कशावरून’ वाक्यावर जातो. त्याला जोडून दुसरा प्रश्न: “पावडर तीच असूनही माल चांगला निघाला, असं कधी झालंय?” गृहीतक खरंच हलवतो तो हा दुसरा प्रश्न.

त्यानंतर शांतता पसरते, आणि ती सोसवत नाही. मी पूर्वी लगेच प्रश्न फिरवून विचारायचो किंवा स्वतःच उत्तर सुचवायचो. कृपा करून असं करू नका. मनात वीस आकडे मोजा, पाणी प्या, पण तोंड उघडू नका. त्या दिवशी बऱ्याच वेळाने फोल्डिंगच्या अक्का बोलल्या: “टँकर येतंय त्या दिवशीचं टावेल बरं असतंय की, साहेब.” टँकरचा पाईप त्यांच्या खात्याच्या दारातून जातो. तो आला की त्यांना साडी सावरत ओलांडावा लागतो, म्हणून ते दिवस त्यांच्या लक्षात. टँकर नसेल तेव्हा आम्ही बोअरचं पाणी घ्यायचो. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रंग एकसारखा बसू देत नाहीत, हे मास्टरांना माहीत होतंच. पण बोअरचं पाणी नेमकं कोणत्या लॉटला गेलं, याचा हिशेब कुणी ठेवलाच नव्हता.

बोलण्याचा क्रम धाकट्यापासून लावा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत बोलू द्या, शेजारचा मराठीत सांगेल. उत्तर ऐकून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू नका, फळ्यावर लिहा. एकदा जरी मान हलवलीत तरी पुढचे सगळे तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तरं देतात.

नवी ऑर्डर घेण्याआधी प्रश्न उलटा विचारा: “सहा महिन्यांनी ही ऑर्डर फसलीय असं धरा. काय झालं असेल?” गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली ही रीत आमच्याकडे फार चालते. ‘माल जानेवारीत द्यायचा होता आणि गड्ड्याच्या जत्रेला निम्मे कामगार सुट्टीवर होते’ असली उत्तरं वेळापत्रकाच्या कागदावर कधीच दिसत नाहीत.

शेवटी एकच स्वस्त चाचणी ठरवा, करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. आम्ही एकाच पावडरीचे दोन छोटे लॉट रंगवले, एक टँकरच्या पाण्यात, एक बोअरच्या. दोन्ही टॉवेल अंगणातल्या दोरीवर शेजारी-शेजारी वाळत घातले आणि दुपारी सगळ्यांना बाहेर बोलावलं.