मनालीला निघताय? अंदाज उंची धरून वाचा

जानेवारीत मनालीला जाणार असाल तर हवामान खात्याच्या अंदाजात ‘पश्चिमी झंझावात’ दिसतो का बघा. भूमध्य समुद्राकडून येणारा हा ढग-वाऱ्यांचा पाहुणा मैदानात पाऊस, वर बर्फ पाडतो. कुठे काय, याचा ढोबळ हिशेब सोपा: दर हजार मीटर चढाला साधारण ६ अंश वजा. कुलूत ८ अंश आणि पाऊस असेल, तर साधारण तेराशे मीटर वरच्या, मनालीजवळच्या सोलंगला बर्फच धरा.

खरा धोका मात्र दुसऱ्या दिवशी. आभाळ निरभ्र झालं की आपण खूश. पण रात्री रस्त्यावरचं वितळलेलं पाणी गोठून काचेसारखा थर होतो, डांबरावर दिसतही नाही. ड्रायव्हरला पहाटेची घाई करू नका. ऊन रस्त्यावर आलं की निघा. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.