गाइड निवडताना एच-इंडेक्सच्या पलीकडे काय बघायचं

मानसोपचारात संशोधन करायला निघालेले विद्यार्थी गाइडच्या नावाबरोबर त्याचा एच-इंडेक्सही सांगतात, म्हणजे पेपरांची संख्या आणि त्यांना मिळालेली सायटेशन्स (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) यांवरून काढलेला आकडा. "सर, यांचा ४० आहे, चांगला ना?" मी उलट विचारतो, ही सायटेशन्स नेमकी कशाला मिळालीत? ते बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, आणि आमच्या विषयात तेच आधी पाहायला हवं.

मानसोपचारातल्या सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या पेपरांत स्केल्सचा, म्हणजे आजाराची लक्षणं किंवा तीव्रता मोजायच्या साधनांचा, मोठा भरणा आहे. मॅक्स हॅमिल्टन यांची नैराश्याची स्केल १९६० ची, स्मरणशक्ती वगैरे तपासणारी मिनी-मेंटल स्टेट १९७५ ची, नैराश्याचीच पीएचक्यू-९ २००१ ची. त्यांना साइट करणारा एखादा पेपर उघडा. 'पद्धती'च्या भागात एवढंच सापडेल: नैराश्याची तीव्रता हॅमिल्टन स्केलने मोजली. साधन वापरलं म्हणून संदर्भ दिला, पुढे त्यावर चर्चा नाही. चांगली स्केल तयार करणं फार जिकिरीचं काम आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तुम्हाला स्किझोफ्रेनियाच्या कारणांवर काम करायचं असेल, तर गाइडची सायटेशन्स स्केलमुळे आहेत की त्या विषयातल्या शोधांमुळे, याने मोठा फरक पडतो.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. किमान २० सायटेशन्स असलेले २० पेपर असले की तो २०. पेपर पाचच असतील तर तो पाचाच्या वर जाऊच शकत नाही, मग त्यातल्या एकाने अख्ख्या शाखेची दिशा बदललेली का असेना. म्हणून तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी या आकड्यावर तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं.

लेखकांचा क्रमही बघा. वैद्यकात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष राबणाऱ्याचं, शेवटचं गटप्रमुखाचं. स्किझोफ्रेनियाशी निगडित १०८ जनुकीय जागा दाखवणारा २०१४ चा पेपर शेकडो लेखकांचा आहे. काम अफाट, पण त्यातल्या मधल्या एका नावावरून त्या व्यक्तीने काय केलं ते कळत नाही. अशा वेळी लेखकांच्या योगदानाचा परिच्छेद वाचा. अनेक जर्नल्स तो छापतात.

इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात ते) हा जर्नलचा आकडा, माणसाचा नव्हे. आणि गूगल स्कॉलरवरचा सायटेशन्सचा आकडा स्कोपस या डेटाबेसपेक्षा सहसा मोठा दिसतो, कारण त्यात प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच खुले केलेले पेपर) असं बरंच काही धरलं जातं. तेव्हा दोन जणांची तुलना एकाच ठिकाणच्या आकड्यांवर करा. स्कोपसमध्ये स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळता येतात, तेही करून पाहा. आडनाव सर्रास आढळणारं असेल तर दोघातिघांचे पेपर एकाच प्रोफाइलमध्ये मिसळलेले असतात. तिथे ऑर्किड (ORCID), म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कामी येतो. स्वतःचा ऑर्किड पहिला पेपर पाठवण्याआधीच काढून ठेवा.

एवढं झालं की गाइडचे अलीकडचे तीन पेपर निवडा आणि त्यांना साइट करणाऱ्या काही पेपरांत ते नाव जिथे आलंय ते वाक्य वाचा. निष्कर्ष इतरांनी पुन्हा तपासला का? तपासल्यावर तो टिकला का? विरोधात निकाल आल्यावर या गाइडने पुढच्या पेपरात त्याची दखल घेतली का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' असेल आणि एच-इंडेक्स बेताचा असेल, तरी मी त्यांच्याकडेच अर्ज करायला सांगतो.