जंगलकाठच्या गोठ्यातील साथरोग : या चुका टाळा

पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात १९६०च्या दशकाच्या आरंभी विल्डबीस्ट या प्राण्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती. १९७०चे दशक संपताना ती तेरा लाखांच्या घरात पोहोचली. यांतल्या एकाही प्राण्याला कोणी लस टोचली नव्हती. लस टोचली गेली ती भोवतालच्या पशुपालकांच्या गुरांना, बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या विषाणुजन्य रोगाविरुद्ध. गुरांमधली बुळकांडी थांबली तशी रानातल्या कळपांतील वर्षभराच्या पिलांची मरही थांबली. आपल्याकडेही १९६८ साली कर्नाटकातील बांदीपूरच्या जंगलात याच रोगाने गव्यांची वाताहत केली होती. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. तो विजय मुख्यतः गोठ्यात मिळवलेला होता.

राधानगरीचा गवा असो की ताडोबाचे सांबर, त्यांना दर सहा महिन्यांनी लस टोचणे शक्य नाही. गुरे आणि वन्यप्राणी एकाच पाणवठ्यावर येतात, एकाच कुरणात चरतात आणि एकच गोचीड दोघांनाही चावतो. म्हणून रोग अडवायचा तो आपल्या दावणीलाच. जंगलालगतच्या गावांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या काही चुका येथे मांडल्या आहेत.

लस टोचूनही रोग आला, म्हणून लसीलाच दोष देणे

लाळ-खुरकुताची लस टोचून आठवडा होत नाही तोच जनावराच्या तोंडातून लाळ गळू लागली, की लस निकामी होती असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या फेरीला माणसे गुरे सोडतच नाहीत. प्रत्यक्षात कारण बहुधा दुसरीकडे असते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात, तर लसीमुळे पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे आधीच लागण झालेले जनावर लसीनंतर आजारी पडते. शेजारच्या गावात साथ आल्यावर धावपळ करून टोचलेल्या लसीच्या बाबतीत असे हमखास होते.

दुसरे कारण साठवणुकीचे. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानातच राहिली पाहिजे. ऊन लागून ती बिघडते हे बहुतेकांना ठाऊक असते, पण लाळ-खुरकुताची लस बर्फ होईपर्यंत गोठली तरी वाया जाते, याकडे दुर्लक्ष होते. घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे बर्फाच्या खणात, तिची बाटली कधीही ठेवू नये. लम्पीसाठी वापरली जाणारी शेळ्यांच्या देवीची लस जिवंत विषाणूची असते. ती टोचण्याच्या जागी स्पिरिट चोळले, तर लसीतला विषाणूच मरण्याचा संभव असतो. एकाच सुईने अख्खी दावण टोचणे तर साथ हाताने पसरवण्यासारखे आहे; प्रत्येक जनावराला स्वतंत्र सुई हवी.

तिसरे कारण मला सर्वांत गंभीर वाटते. लसीकरणाचे पथक सकाळी गावात येते तेव्हा दुभती जनावरे गोठ्यात असतात, पण भाकड गायी, खोंड आणि कालवडी रानात गेलेल्या असतात. म्हणजे गव्यांच्या आणि सांबरांच्या सर्वांत जवळ जाणारी जनावरेच लसीवाचून राहतात. पथक येण्याची तारीख आधी विचारून घ्यावी आणि त्या दिवशी गुराख्याला दुपारपर्यंत थांबवावे. दूध कमी होईल या भीतीने दुभती जनावरे मागे ठेवण्याचेही कारण नाही, कारण ही घट काही दिवसांत भरून निघते. साथ आली तर मात्र अख्खे वेतच हातचे जाऊ शकते.

लाळ-खुरकुताच्या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार भारतात आढळतात. एका प्रकारातून बरे झालेल्या जनावराला दुसऱ्याची लागण होऊ शकते, तेव्हा ‘याला एकदा येऊन गेलाय’ हा भरवसा खोटा ठरतो. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने दुसरी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक असा क्रम ठेवावा. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस मोफत दिली जाते.

बाजारातून आणलेले जनावर त्याच दिवशी दावणीला बांधणे

नवे जनावर किमान तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याची गव्हाण, पाण्याची बादली आणि शक्य असल्यास राखणारा माणूसही वेगळा असावा. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगाने ही शिस्त नसल्याचे परिणाम मंगोलियात दाखवून दिले. तेथे २०१६ साली हा रोग पाळीव कळपांत शिरला आणि काही महिन्यांतच सायगा या दुर्मीळ रानटी प्राण्यांचे हजारोंनी बळी गेले.

अचानक मेलेले जनावर फाडणे किंवा ओढ्यात लोटणे

रात्री धडधाकट असलेला बैल सकाळी मरून पडलेला दिसतो. पोट झपाट्याने फुगलेले, नाकातून व गुदद्वारातून काळसर रक्त आलेले आणि ते गोठत नाही, अंगही नेहमीसारखे ताठरत नाही. हे दृश्य दिसताच फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचा संशय धरावा आणि मृतदेहाला सुरी लावू नये. मृत्यूचे कारण समजावे म्हणून पोट फाडणे किंवा निदान कातडे तरी वाया जाऊ नये म्हणून ते सोलणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. बंद शरीरात या रोगाचे जिवाणू कुजण्याच्या क्रियेत बरेचसे नष्ट होतात. शरीर उघडले की त्यांना हवा मिळते आणि ते कठीण कवचाचे बीजाणू तयार करतात, जे मातीत कित्येक दशके टिकतात. सोलणाऱ्याच्या हातावर काळपुळी उठते ती यामुळेच. निदानासाठी पशुवैद्यकाला कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंबही पुरतो.

बीजाणूंचा चिवटपणा किती असतो ते २०१६ साली रशियाच्या यमल द्वीपकल्पात दिसले. तेथे रेनडिअरांचे लसीकरण २००७ साली थांबवण्यात आले होते. नऊ वर्षांनी, कडक उन्हाळ्यात गोठलेली जमीन वितळल्यावर, दोन हजारांहून अधिक रेनडिअर फाशीने मेले आणि एक मुलगाही दगावला. केरळमध्ये अतिरप्पिल्लीच्या जंगलात २०२२ साली रानडुकरांचा मृत्यू याच रोगाने झाला होता.

मृत जनावर ओढत नेऊ नये. नाक, तोंड व गुदद्वार जंतुनाशकात भिजवलेल्या कापसाने बंद करावे, पाणवठ्यापासून दूर आणि पाणी साचत नाही अशा जागी किमान सहा फूट खोल खड्डा घ्यावा, भरपूर चुना टाकून जनावर पुरावे आणि रक्त सांडलेली माती व गवतही त्याच खड्ड्यात घालावे. त्यानंतर ती जागा चराईसाठी कायमची बंद करावी. फाशीची लस ज्या भागात पूर्वी रोग झाला आहे तेथेच देतात. ती जिवंत बीजाणूंची असल्यामुळे त्याच दिवसांत जनावराला प्रतिजैविक दिले, तर तिचा उपयोग होत नाही.

गावातली कुत्री हिशेबात न धरणे

गिधाडे होती तोवर मेलेले ढोर पाहता पाहता साफ होत असे. आता त्या जागी कुत्र्यांच्या टोळ्या जमतात, आणि त्यांच्या वासावर बिबट्या, लांडगा, खोकडही येतात. सोलापूर जिल्ह्यात नान्नज परिसरात झालेल्या अभ्यासात तेथील बहुसंख्य कुत्र्यांचा डिस्टेंपर व पार्व्हो या विषाणूंशी संपर्क आलेला आढळला. डिस्टेंपर सिंहासारख्या प्राण्यालाही सोडत नाही: १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने मेले, आणि २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत तेवीस सिंह दगावले तेव्हाही हा विषाणू सापडला. राखणीच्या कुत्र्याला रेबीजची लस टोचली म्हणजे झाले असे नाही; डिस्टेंपर व पार्व्होची एकत्रित लसही दरवर्षी द्यावी आणि मेलेले ढोर उघड्यावर टाकू नये.

रेबीजविषयी एक चूक जिवावर बेतणारी आहे. म्हैस लाळ गाळते, गिळत नाही, घोगरे हंबरते. तेव्हा घशात काही अडकले असेल असे समजून घरातले कोणी तिच्या तोंडात हात घालते. असे करू नये. कुत्रे किंवा कोल्हा चावल्याचे आठवत नसले, तरी आधी पशुवैद्यकाला बोलवावे. हाताला लाळ लागलीच, तर साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे. जखमेवर हळद, चुना, तिखट लावू नये.

रानात मेलेले जनावर पाहून गप्प राहणे

दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातील सत्तरी भागात मेलेले माकड म्हणजे माकडतापाची, म्हणजे गोचिडांमार्फत माणसांनाही होणाऱ्या विषाणुजन्य तापाची, पहिली सूचना असते. त्याच्या अंगावरून उतरलेले गोचीड भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून ते हाताळू नये, त्या जागी गुरे नेऊ नयेत आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पाळीव जनावरांसाठी १९६२ हा क्रमांक आहे. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९च्या कायद्यानुसार रोगाचा संशय येताच कळवणे आणि आजारी जनावर वेगळे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. फोन करताना मृत्यूची वेळ, रक्तस्राव झाला का, गेल्या महिन्यात कोणती जनावरे विकत आणली, शेवटची लस कधी टोचली आणि गुरे कोणत्या पाणवठ्यावर जातात, एवढे सांगितले तर पथक योग्य साहित्य घेऊन येते.