आईवडिलांचा विसराळूपणा वाढू लागल्यास काय करावे

'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने आपल्याकडे कित्येक घरांचे वर्ष-दोन वर्षांचे नुकसान केले आहे. वडील एकच गोष्ट तासाभरात तिसऱ्यांदा विचारू लागले, तरी 'वय झालं' म्हणून विषय मिटवला जातो. उतारवयात एखादे नाव चटकन न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे हे स्वाभाविकच आहे. परंतु चाळीस वर्षे पुरणपोळ्या करणाऱ्या आईला पुरण शिजल्यावर पुढे काय करायचे हे सुचेनासे झाले, किंवा रोजच्या फेरफटक्याहून परतताना वडील आपली गल्ली चुकू लागले, तर ती म्हण बाजूला ठेवावी आणि एक वही घ्यावी.

त्या वहीत काय विसरले, दिवसाच्या कोणत्या वेळी विसरले, आदल्या रात्री झोप कशी होती, कोणती नवी गोळी सुरू झाली, हे दोन-तीन आठवडे तारखेसह लिहावे. डॉक्टरांसमोर बसले की बरीच वृद्ध मंडळी कमालीची व्यवस्थित बोलतात आणि 'मला काही झालेलं नाही, हीच मुलं उगाच घाबरतात' असे हसत सांगून मोकळी होतात. तिथे आपल्या तोंडी तक्रारीपेक्षा ही वही उपयोगी पडते.

त्यानंतर तपासणी करून घ्यावी, कारण विसरण्याची काही कारणे उपचाराने सुधारतात. थायरॉइड मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या ही त्यांतली नेहमीची कारणे होत. घरात शाकाहार असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल, तर बी-१२ आवर्जून तपासावे. पुष्कळदा आईला विसर पडलेला नसतो, तिला मुळात ऐकूच आलेले नसते. म्हणून कानही दाखवावेत. मात्र माणूस एक-दोन दिवसांतच भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर वहीत नोंदी करत बसू नये. लघवीचा संसर्ग झालेला असू शकतो, रक्तातले सोडियम उतरलेले असू शकते, किंवा काही आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे मेंदूवर रक्त साकळलेले असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अल्झायमरचे, म्हणजे स्मृती हळूहळू पुसत नेणाऱ्या मेंदूच्या आजाराचे, निदान झालेच, तर डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ आधार देतात, पण आजार पूर्ण बरा करत नाहीत, हे घरातल्या सर्वांनी एकदाच नीट समजून घ्यावे.

निदान हाती आले की पाठोपाठ कागदपत्रांचे काम करावे, आणि नेमके हेच काम 'आत्ताच कसं काढायचं' म्हणून लांबणीवर पडते. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून ठेवले की निभावेल, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी ठरतो. त्यामुळे बँकेचे खाते संयुक्त करणे, नामनिर्देशन तपासणे आणि दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करणे हे सर्व आईवडिलांना समजते आहे तोवर, त्यांच्याच इच्छेने उरकावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारावरील उपचारांबाबत आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे त्यांना स्वतःला लिहून ठेवता येते. निवृत्तिवेतन असल्यास नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आपल्या जबाबदारीत घ्यावा; तो आता पोस्टमनला घरी बोलावूनही काढता येतो.

घरातले बदल थोडे पण ठाम असावेत. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी, गोळ्या सात खणांच्या डबीत भराव्यात आणि खिशात किंवा बटव्यात नाव व फोन क्रमांकाची चिठ्ठी असू द्यावी.

सर्वांत अवघड काम बोलण्याचे आहे. माझ्या आईने एकदा, कामाला येणाऱ्या मावशींनी पाटल्या चोरल्या, असा आळ घेतला. मी तिच्याशी अर्धा तास वाद घातला. पाटल्या तांदळाच्या डब्यात निघाल्या. पुढच्या वेळी मी 'थांब, आपण दोघं मिळून शोधू' एवढेच म्हणालो आणि आधी तांदळाचा डबा उघडला. मावशींनाही हा आजाराचा भाग आहे, असे स्वतंत्रपणे सांगून ठेवले, कारण त्यांचा अपमान खराच होता. आई गेलेल्या बाबांची वाट पाहू लागली, तर 'ते जाऊन नऊ वर्षं झाली' हे सांगणे म्हणजे तिला ती बातमी नव्याने देणे. त्याऐवजी 'बाबांना चहा कसा लागायचा गं?' असे विचारावे. दिवेलागणीच्या सुमारास पुष्कळांची अस्वस्थता वाढते आणि राहत्या घरात बसूनच 'मला घरी जायचंय' सुरू होते. अशा वेळी दिवे लवकर लावावेत, टीव्हीच्या बातम्या बंद कराव्यात आणि रामरक्षा किंवा हरिपाठ म्हणायला घ्यावा. सकाळचे जेवण न आठवणारी माणसेही पाठ केलेले पुष्कळ दिवस बिनचूक म्हणतात. आल्यागेल्या पाहुण्यांना मात्र 'ओळखलंत का मला?' हा प्रश्न विचारण्यास दारातच मनाई करावी. ती एक परीक्षा असते आणि नापास होणाऱ्याला ते कळत असते. 'मी तुमची पुण्याची भाची' असे आपणहून सांगावे.

शेवटी कामाची वाटणी. परगावी किंवा परदेशी असलेल्या भावाला दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर आई 'बरी तर बोलते की' असे वाटते. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला बिले आणि औषधांची मागणी अशी ठरावीक कामे द्यावीत, आणि वर्षातून एक पंधरवडा आईची पूर्ण जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर माहिती मिळते, आणि सांभाळणाऱ्याचेच मन थकले असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासाठीही आहे. भाऊ आलेल्या पंधरवड्यात आपला रक्तदाब, दात आणि वर्षभर पुढे ढकललेली डोळ्यांची तपासणी उरकून घ्यावी.