सोसायटीत, शाळेत शेती शिकवताय? या चुका टाळा

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि शाळांमध्ये मी शेतीची ओळख करून देणारे वर्ग घेतो. बोलावणं बहुतेक वेळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतं, कारण १ जुलै म्हणजे वसंतराव नाईकांची जयंती, राज्याचा कृषिदिन. "सर, रविवारी तासभर काहीतरी करा ना." या 'काहीतरी'पासूनच सगळं बिघडायला लागतं.

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक म्हणजे शेती ताटातल्या भाजी-भाकरीपाशी संपवणं. भाकरी शेतातून येते हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. लोक माना डोलावतात आणि घरी जातात. मी यवतमाळकडचा, म्हणून सुरुवात कापसाच्या बोंडापासून करतो. प्रत्येकाच्या हातात एकेक बोंड द्यायचं आणि रुईतून सरकी, म्हणजे कापसाचं बी, सोडवायला सांगायचं. एक सरकी निघता निघत नाही, धागे बोटांना चिकटतात, आणि बोंडाच्या वाळक्या टोकानं कुणाचं तरी बोट खरचटतंच. त्याच क्षणी सांगावं की वेचणी करणाऱ्या बाईची बोटं दिवसभर अशीच सोलतात, आणि तिला मजुरी किलोवर मिळते.

मग हिशोब. एका बोंडात सरकीसकट साधारण ४ ग्रॅम कापूस. १०० किलो कापसातून रुई निघते ३३ ते ३५ किलो, बाकी बहुतेक सगळी सरकी. घरून एक सुती शर्ट आणायला लावा, वजन करा आणि किती बोंडं लागली ते मुलांनाच काढू द्या. कताईतली घट धरली की आकडा दोनशेच्या आसपास जातो. तुम्ही आधी सांगितलात तर तो पाच मिनिटांत विसरला जातो.

सरकीला विसरू नका. तिचं तेल निघतं, उरते ती ढेप. ढेप म्हशीच्या दावणीत जाते आणि सकाळच्या चहातलं दूध होऊन आपल्या घरी येते. शेवटी मी सगळ्यांना खिशातली नोट काढायला लावतो, कारण आपल्या नोटांचा कागद कापसाचाच असतो. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा नोट बोटांत चोळत बराच वेळ उभे राहिले. "आयुष्यभर नोटा मोजल्या हो, हे कधी डोक्यातच आलं नाही," म्हणाले. उसाचंही तसंच आहे, साखरेवर थांबू नका. मळीपासून अल्कोहोल होतं, ते सॅनिटायझरमध्ये जातं, आणि चिपाडावर कारखान्याचा बॉयलर चालतो.

दुसरी चूक घाईची. एका सोसायटीला मी सांगितलं होतं की जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रेटमध्ये मेथी टाका, महिन्याभरात कापणीला येईल. तेवढा धीर कुणाला नव्हता. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी नर्सरीतून टोमॅटो लगडलेली रोपं आली आणि गच्चीवर ओळीनं लागली. फोटो छान आले. निघताना एका मुलीनं विचारलं, "काका, टोमॅटो एका दिवसात येतात ना?" मला काही बोलताच आलं नाही. तासभर आम्ही तिला चुकीचंच शिकवलं होतं. पंधरा दिवसांत सगळी रोपं वाळली, कारण पाणी कुणी घालायचं हे ठरलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी मी अट घातली, बियाण्यापासून सुरुवात, नाहीतर मी येणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर आले. मग पावसाच्या झडीत दोन क्रेटमधली रोपं बुडाशी कुजून आडवी झाली, आणि एका मुलाचा क्रेट कबुतरांनी साफ केला. तो रडवेला होऊन म्हणाला, "आता परत पेरायचं? बी परत विकत आणायचं?" त्या दिवशी दुबार पेरणी हा शब्द मला समजावून सांगावा लागला नाही. म्हणून आता कुणी जाळी लावू का विचारलं, तर पहिल्या वर्षी नको म्हणतो. तयार रोपं मात्र अजिबात आणू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. 'बिचारा बळीराजा' छापाचं भाषण करू नका, त्यानं डोळे पाणावतात, समजत काहीच नाही. शेतकऱ्याला शाल-श्रीफळ देऊन गप्प बसवू नका. रात्रीच्या विजेवर पाणी कसं देतो ते त्याच्याच तोंडून ऐकू द्या. शिवार दाखवायला मे महिन्यात नेऊ नका, कोरडवाहू रान तेव्हा मोकळं असतं. भुईमूग चित्रात दाखवू नका, झाड उपटून आणा, फुलाची आरी, म्हणजे जिच्या टोकाला शेंग धरते तो कोवळा दांडा, मातीत कशी शिरते ते दिसू द्या. आणि साबुदाणा झाडाला लागत नाही, तो कसाव्याच्या कंदातल्या स्टार्चचा असतो.

कांद्यावर मात्र घाईत बोलू नका. भाव चढला की गच्चीवर कुणीतरी म्हणतंच, "शेतकऱ्याची चांदी आहे." वाद घालू नका. एप्रिलमध्ये पाच किलो उन्हाळ कांदा आणा, जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगा. गणपतीत उतरवा, सडलेले आणि कोंब आलेले बाजूला काढा, उरलेल्याचं वजन करा, आणि तो आकडा त्या दिवशीच्या भावाशेजारी सोसायटीच्या फलकावर लिहा.