शिष्यवृत्ती, स्टायपेंड आणि आयकर: गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

शिष्यवृत्तीवर आयकर लागतो की नाही, हे रकमेच्या नावावरून ठरत नाही. ती कशासाठी दिली गेली, यावरून ठरते. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१६) नुसार शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. तिला कमाल मर्यादा नाही आणि ती सरकारनेच दिलेली असावी अशी अटही नाही, त्यामुळे मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजनेतील रकमेला आणि खासगी ट्रस्टने दिलेल्या मदतीला कसोटी एकच.

खरा घोळ होतो तो स्टायपेंडपाशी. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याची संशोधन फेलोशिप सामान्यतः शिष्यवृत्तीत मोडते. पण वेर्ण्याच्या एखाद्या कंपनीत इंटर्न म्हणून काम करून मिळालेला मोबदला, त्याला स्टायपेंड म्हटले तरी, करपात्रच असतो. म्हणून मंजुरीपत्र नीट वाचावे, आणि त्यासोबत फीच्या पावत्याही जपून ठेवाव्यात, कारण विचारणा झाल्यास पुरावा म्हणून तेच कागद उपयोगी पडतात.

विवरणपत्र भरण्यापूर्वी आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर फॉर्म २६एएस (आपल्या नावे कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (वर्षभरातील उत्पन्न व व्यवहारांची माहिती) पाहावेत. समजा, २०२५-२६ या आर्थिक वर्षात इंटर्नशिपचे ८०,००० रुपये मिळाले आणि कंपनीने १० टक्के दराने ८,००० रुपये टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) कापला. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे दुसरे मोठे उत्पन्न नसल्यास कापलेले हे सगळे ८,००० रुपये परत मिळू शकतात. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. २६एएसमध्ये कलम १९२ दिसले तर कंपनीने ती रक्कम पगार म्हणून नोंदवली आहे आणि १९४जे दिसले तर व्यावसायिक शुल्क म्हणून, आणि विवरणपत्राचा नमुना त्यानुसार बदलतो. करमुक्त शिष्यवृत्ती करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवावी. शिष्यवृत्ती बँकेत ठेवून मिळालेले व्याज मात्र वेगळे उत्पन्न आहे, ते करमुक्त शिष्यवृत्तीत मिसळू नये.

विवाहित विद्यार्थ्यांसाठी एक खास गोव्याची बाब आहे. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पतीपत्नींची मालमत्ता सामाईक असेल, तर आयकर कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे पगार वगळता इतर उत्पन्न, उदाहरणार्थ हेच व्याज, दोघांत समान विभागले जाते. अशा वेळी आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा नमुना चालत नाही. कलम ५ए चे परिशिष्ट असलेला नमुना निवडून त्यात जोडीदाराचा पॅनही द्यावा लागतो.